रस्त्याच्या अंदाजपत्रकात जीवांची तरतूद

परळच्या भोईवाड्यातून पूर्वेकडे निघाले की थोड्याच अंतरावर शिवडीचा किनारा लागतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या तेथील चिखलावर हिवाळ्यापासून वैशाखापर्यंत हजारो रोहित पक्षी उतरतात. चिखलातील शैवाल आणि सूक्ष्म जीव हा त्यांचा आहार. अटल सेतू याच किनाऱ्यावरून न्हावाशेव्याकडे जातो.

१२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या या सेतूची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर असून त्यातील १६.५ किलोमीटर समुद्रावर आहे. वाशीचा वळसा वाचल्याचे मोल व्यापारी कुटुंबांना निराळे सांगावयास नको. परंतु हा लाभ जमेस धरताना खर्चाची बाजूही पाहावी लागते. शिवडीजवळ सेतूच्या कडेला ध्वनिरोधक भिंती उभारल्या गेल्या, त्या याच जाणिवेतून. तथापि पक्ष्यांना केवळ शांतता पुरत नाही. गाळ, भरती-ओहोटीचा प्रवाह आणि पाण्याची शुद्धता टिकली तरच त्यांचे अन्न टिकते.

पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या राष्ट्रीय महामार्ग ४४ चा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील चौपदरीकरण न्यायालयीन वादात दीर्घकाळ अडकले. अखेर मनसर ते खवासा या टप्प्यात नऊ ठिकाणी रस्ता उंचावून खालून प्राण्यांना वाट देण्यात आली. काही मार्गांची रुंदी तर ७५० मीटर आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत चितळ, रानडुक्कर यांच्यासह वाघही त्या वाटांनी जाताना टिपले गेले. वर मालमोटारी आणि खाली वाघ, असे दोघांचेही येणे-जाणे चालू राहिले.

यातून बोध एवढाच की, अशी तरतूद आराखड्यातच करावी. प्रथम अधिवास टाळणारा मार्ग शोधावा. ते अशक्य असल्यास पुरेशा रुंदीच्या वाटा ठेवाव्यात आणि पुढे त्यांची देखभाल करावी. काम अर्धवट असताना वाद उद्भवला, तर विलंब, व्याज आणि वाढीव खर्च यांचा भार अखेर जनतेवरच पडतो.

चालताना पायाखालचा जीव जपावा, ही ईर्यासमितीची शिकवण घराघरांत परिचित आहे. प्रकल्पांच्या जनसुनावणीत व्यापारी संघटना रुंदीकरणाची मागणी आवर्जून मांडतात. त्याच निवेदनात प्राण्यांच्या वाटेविषयी एक परिच्छेद जोडला, तर ती शिकवण रस्त्यावरही उतरेल.