तापातला लिपिड रिपोर्ट पाहून गोळी बंद करू नका



फ्लू किंवा कोरोनाच्या तापात रक्त तपासले, की पुष्कळदा एलडीएल कोलेस्टेरॉल कमी आलेले दिसते. घरात सगळ्यांना हायसे वाटते आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी परस्पर बंद होते. कृपया असे करू नका. तो उतरलेला आकडा आजारानेच उतरवलेला असतो.

२८ मार्च २०२० रोजी कोरोनाने विदर्भातला पहिला बळी आपल्या बुलढाण्यात घेतला. तेव्हा सगळ्यांचा जीव ऑक्सिजनवर टांगलेला होता, आणि ते साहजिकच होते. पण फ्लू आणि कोरोनाचे विषाणू श्वासापाशी थांबत नाहीत. ते पेशींतली चरबी स्वतःच्या वाढीसाठी वापरतात. त्यांचे बाहेरचे आवरणसुद्धा आपल्याच पेशींच्या चरबीतून बनते. साबण ते आवरण फोडतो, म्हणून हात धुण्याचा एवढा आग्रह. फुप्फुसातले वायुकोश मिटू नयेत म्हणून आत चरबीयुक्त पातळ थर असतो. तो तयार करणाऱ्या पेशींवरच कोरोनाचा विषाणू हल्ला करतो. दाह वाढला की यकृताचे कामही पालटते: एलडीएल आणि एचडीएल घटतात, ट्रायग्लिसराइड बहुधा चढते. उरलेले एचडीएल रक्तवाहिन्यांना पूर्वीसारखे जपत नाही.

धोका नेमका इथे आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूच्या निदानानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे ६ पट आढळला. अशा आठवड्यात हृदयरोग्याची गोळी सुटलेली असावी, हे मला भयंकर वाटते.

म्हणून मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी ताप अंगावर काढू नये. कापूस वेचणीची घाई असली तरी दोन दिवस विश्रांती घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. तापात किंवा नंतर छाती दाटली, दम लागला, घाम फुटला, तर 'गॅस असेल' म्हणून रात्र काढू नका. १०८ ला फोन करा. लिपिड तपासणी पूर्ण बरे झाल्यावर, साधारण दोन महिन्यांनी, पुन्हा करा आणि दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा. तोवर गोळीत जो काही बदल करायचा, तो त्यांनाच करू द्या.