विश्वासाची कमाई
पांढरकवड्याच्या बाजारात कापसाची आवक वाढली की भाव बहुधा उतरतो. 'स्नीकर' जोड्यांच्या व्यापारात याच नियमाची दुसरी बाजू दिसते. काही कंपन्या विशिष्ट जोडे मुद्दाम थोडेच काढतात. मागणी मोठी असल्याने त्यांची किंमत चढते. पुण्याचे तरुण वेदांत लांबा यांनी २०१७ साली अशा जोड्यांविषयी चित्रफिती करण्यास आरंभ केला व पुढे त्यांच्या पुनर्विक्रीची 'मेनस्ट्रीट' ही पेढी उभारली.

टंचाईवर पैसा मिळविणे ही कमाई कसली, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु नकली मालाच्या सुळसुळाटात शिवण व तळवा पारखून अस्सल जोडाच ग्राहकाच्या हाती देणे, हे श्रमाचेच काम होय. टंचाई कंपनी निर्माण करते. विश्वास मात्र विक्रेत्यालाच संपादन करावा लागतो. तोच त्याचा खरा नफा.