सांगणारी ती, लिहिणारी मी

माझी लेक साडेपाच वर्षांची आहे आणि आम्ही तिला घरीच शिकवतो. त्यामुळे कुठल्याही लग्नकार्यात एक प्रश्न ठरलेला, ‘लिहायला लागली का गं?’ वर्षभर मी ‘अजून नाही’ म्हणत राहिले आणि दर वेळी पोटात गोळा येत राहिला. शेवटी वही आणली, वर ‘ग’ काढून दिला आणि खाली गिरवायला लावला. तिसऱ्या ओळीत पेन्सिलीचं टोक मोडलं, चौथ्या ओळीत ती रडायला लागली.

वही कपाटात गेली. लिहिणं ही दोन कामं आहेत, एक हाताचं आणि एक मनाचं, हे मला त्या रात्री कळलं. मी दोन्ही एकदम मागत होते.

हाताचं काम मग स्वयंपाकघरात सुरू झालं. कणीक तिंबायची, मटार सोलायचे, तांदळातले खडे वेचायचे. दारात रांगोळीचे ठिपके जोडायचे. चिमटीतून रांगोळी सारखी सोडायला बोटांवर जो ताबा लागतो, तो पेन्सिलीला पुढे फार उपयोगी पडतो. त्यानंतर ताटात रवा पसरून त्यात बोटाने अक्षरं. आपल्याकडे धुळाक्षरं होतीच की! चुकलं तर हात फिरवायचा, चुकल्याची खूण मागे उरत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा खडे, पानं, शिंपले हीच त्यांची साधनं होती. महागडे संच मागवण्याआधी हे आठवावं.

अक्षरं ‘अ’पासून घेतली नाहीत. ‘अ’ काढायला अवघड. आपला जुना ‘ग म भ न’ क्रमच बरा, चारही अक्षरं उजवीकडच्या दांडीला धरून उभी असतात. शिवाय या चार अक्षरांतच मन, नभ, गगन असे शब्द हाती लागतात. काना-वेलांट्या नसलेला शब्द मुलाला पहिल्याच आठवड्यात स्वतःचा वाटतो.

खरी अडचण पहिल्या वेलांटीची. ‘पिशवी’ म्हणताना आधी ऐकू येतो ‘प’. तिने ‘प’ काढला आणि वेलांटीला डावीकडे जागाच उरली नाही. तिने ती सरळ उजवीकडे देऊन टाकली. तेव्हापासून आमच्या घरात सगळ्याच वेलांट्या दुसऱ्या आहेत. मी अजून बोललेले नाही. ‘ल’चं मात्र मी बोलले. मोबाइलवर दिसणारा हिंदी वळणाचा ‘ल’ ती उचलत होती. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयातही मराठी वळणाचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’च आहे. तेच वळण तिच्या हाताला लागावं असं मला मनापासून वाटतं.

आणि मनाचं काम? त्यासाठी रोज संध्याकाळी ती सांगते आणि मी लिहून घेते. नेवाशाला ज्ञानेश्वर महाराज सांगत गेले आणि सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतलं, ही गोष्ट आजीने तिला सांगितली, तेव्हापासून ती मला ‘बाबा, लिहा’ म्हणते. मी तिचा एकही शब्द बदलत नाही. ‘मांजरीचं पोट रिकामं झालं आणि पिल्लं भरली’ असं ती म्हणाली, तर तसंच लिहिते. मग वाचून दाखवते. आपण बोललेलं कागदावर थांबतं आणि उद्या तसंच्या तसं परत ऐकू येतं, हे कळतं तेव्हा तिचा चेहरा बघावा.

गच्चीवरच्या टाकीमागे मनी व्यायली आहे. गेले पंधरा दिवस सगळं लेखन तिच्याविषयीच. परवा मी भांडी घासत होते. ‘बाबा, लिहा,’ ती म्हणाली. ‘थांब गं, हात ओले आहेत.’ ती थोडी घुटमळली, मग कॅलेंडरचं जुनं पान ओढून जमिनीवर पालथी पडली. बराच वेळ आवाज नाही. नंतर तिने तो कागद माझ्यापुढे धरला.

‘मनी नाही आली.’

दोन्ही ‘न’ उलटे होते, शिरोरेघ कुठेच नव्हती. मी हात पुसले, टॉर्च घेतला आणि आम्ही दोघी गच्चीवर गेलो.