फेटा मिळेल, खोली मिळणार नाही

परदेशी विद्यार्थ्यांना थंडीत गड दाखवायला नेणाऱ्या पुण्यातल्या हौशी मंडळांविरुद्ध माझी एक तक्रार आहे. ती मी लेखी देत आहे, कारण २१ वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढल्यावर तोंडी तक्रारीची किंमत मला चांगली ठाऊक झाली आहे.

सहल डिसेंबरातली, गड राजगड. बस नसरापूरला मिसळीसाठी थांबली, म्हणजे भोर तालुका झाला. पुढे मार्गासनीवरून वेल्हे, ज्याला सरकारी कागदावर आता राजगड तालुका म्हणतात. गुंजवण्यात उतरून चोरदरवाजाने वर. थंडी अशी की आमचे स्वागताध्यक्ष माकडटोपी, मफलर आणि शाल अशा तिहेरी तटबंदीत, आणि ज्याचे स्वागत करायचे तो काबूलचा मुलगा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. "सर, इथे थंडी कधी सुरू होते?" असे तो मनापासून विचारत होता.

पद्मावती माचीवर प्रत्येकाला फेटा बांधला गेला. मग भाषण. रायगडाआधी महाराजांची राजधानी पंचवीसएक वर्षे इथे होती, २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जे १२ किल्ले जागतिक वारसा ठरवले त्यात राजगड आहे, सबब तुम्ही जग आणि आम्ही वारसा, अतिथी देवो भव, टाळ्या. या देवांची सोय अशी की त्यांच्याबरोबर फोटो काढता येतो. टांझानियाच्या मुलाबरोबर गडावरच्या अनोळखी मंडळींनी काढलेले सेल्फी मी सवयीने मोजले. २३ भरले. एकाने तर न विचारता त्याचे केस चाचपून पाहिले. सुवेळा माचीवरचे नेढे बघायला त्या दिवशी एवढी माणसे गेली नसतील.

हाच देव सोमवारी आमच्या शाखेत येतो. खात्याला पत्त्याचा पुरावा लागतो, पुराव्याला भाडेकरार लागतो आणि कराराला घरमालक. घरमालक फोनवर "या, या" म्हणतो. मुलगा दारात उभा राहिला की खोली "कालच गेली" असते. काउंटरवर हे मी इतक्यांदा ऐकले आहे की पुण्यातल्या सगळ्या खोल्या कालच कशा जातात, आज एकही का जात नाही, याचे मला नवल वाटते.

डॉ. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ साली सिंबायोसिस काढली ती मुळात परदेशातून आलेल्या मुलांना इथे आपुलकी मिळावी म्हणून. त्या रोपट्याचे विद्यापीठ झाले. आपली आपुलकी मात्र अजून अकरा महिन्यांच्या करारापर्यंतसुद्धा पोचलेली नाही.

तुम्ही म्हणाल, कायद्याची कटकट असते हो. असते. परदेशी माणूस घरात ठेवला की चोवीस तासांत फॉर्म भरून कळवावे लागते. पण गृहकर्जाचा अर्ज त्याहून जाड असतो, आणि तो भरताना कुणाचा हात दुखल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ही मुले भाडे थकवतात म्हणाल, तर काही थकवतातही. पण एखाद्या सांगलीकराने भाडे बुडवले म्हणून अख्खी सांगली कुणी बाद करीत नाही. आणि स्वागताध्यक्षांच्या पुतण्याला मेलबर्नमध्ये रंगावरून खोली नाकारली तेव्हा याच गृहस्थांनी आम्हाला डब्याच्या सुट्टीत गाठून वर्णद्वेषावर पाऊण तास ऐकवले होते. त्यांचा स्वतःचा एक फ्लॅट दोन वर्षे रिकामा आहे. ग्राहकाची माहिती गुप्त ठेवायची असते, म्हणून मजला सांगत नाही.

गड उतरल्यावर गुंजवण्यात एका घरी जेवण सांगितले होते. तिथल्या म्हातारीने टांझानियाच्या पोराकडे फोटो मागितला नाही.

"कुठलं रं लेकरा तू?"

"लांबचा आहे, आजी." दोन वर्षांत त्याने मराठी बरी उचलली आहे.

"आन् ऱ्हातूस कुठं?"

"खोली शोधतोय."

"पुण्यात एवढाल्या इमारती, आन् खोली न्हाई व्हय?" असे म्हणून तिने त्याच्या ताटात भाकरी टाकली आणि स्वागताध्यक्षांकडे पाहिले. स्वागताध्यक्ष एकदम पिठल्याची स्तुती करू लागले.

खेड्यात सगळे संत राहतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याच घरी ताकाचा दर पुण्याच्या वरचा होता. पण तो आम्हा सगळ्यांना सारखाच होता.

पुढची सहल तोरण्याला ठरली आहे. फेटे आताच सांगून ठेवले आहेत म्हणे. मी संयोजकांना पत्र टाकले आहे की वर्गणी आनंदाने देईन, मात्र पावतीच्या मागे कार्यकारिणीतल्या प्रत्येकाच्या रिकाम्या खोलीचा पत्ता आणि भाडे छापलेले हवे. पत्राची पोच मिळाली. उत्तर अजून नाही.