सोसायचं कशासाठी?

गेल्या महिन्यात माझी लेक एसएसएलसीच्या पूर्वपरीक्षेत गणिताचा पेपर अर्धा टाकून घरी आली. चेहरा पांढराफटक, पोट आवळून धरलेलं. मी ओव्याचं पाणी दिलं आणि सवयीनं बोलून गेले, "सोसायला शीक गं, बाईचा जन्म आहे." माझी आई मला हेच सांगायची. लेक म्हणाली, "आजीच्या वेळी औषध नव्हतं. आता आहे, तरी तू देत नाहीस."

खरंच होतं. 'गोळीची सवय लागते', 'पुढे मूलबाळ होत नाही' हे ऐकून ऐकून मनात घट्ट बसलेलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

त्यांनी समजावलं ते असं. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. ती जास्त झाली की गर्भाशय जोरानं आवळतं आणि कळा येतात. आयब्युप्रोफेन, मेफेनामिक अॅसिड यांसारख्या गोळ्या ही द्रव्यं तयार होण्यालाच अटकाव करतात. अॅस्पिरिन असंच काम करतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिलं. १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी. म्हणजे हे दुखणं मनाचे खेळ नव्हेत. पाळीपुरत्या घेतलेल्या या गोळ्यांची सवय लागत नाही, की वांझपणही येत नाही.

आपण चुकतो ते वेळेत. असह्य होईपर्यंत थांबू नये. पाळी सुरू होताच किंवा दुखू लागताच पहिली गोळी घ्यावी, मग डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं दोन-तीन दिवस. उपाशीपोटी मात्र नको. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये. मेफेनामिक अॅसिडनं क्वचित तीव्र अॅलर्जी होते, असा इशारा सरकारी औषध आयोगानं २०२३ च्या अखेरीस दिला होता. ताप, पुरळ दिसलं की गोळी बंद करून डॉक्टरांना गाठावं. आणि दोन-तीन पाळ्यांत गोळीनं फरक पडला नाही, किंवा दुखणं वाढतच गेलं, तर तपासणी करून घ्यावी. मागे दुसरा आजार असू शकतो.

या महिन्यात लेकीनं सकाळी भाकरी खाऊन गोळी घेतली, गरम पाण्याच्या पिशवीनं थोडं शेकलं आणि शाळेला गेली. संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं."

तुम्ही तुमच्या लेकीला सांगा.