जुनी अंगठी मोडून ‘जुनी’ अंगठी



लग्नसराई तोंडावर आली की आपल्या महिला मंडळात हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. “आजेसासूबाईंची अंगठी फार जाड होती हो, घालवतच नव्हती. मोडीत दिली आणि ही घेतली. व्हिंटेज आहे, रोझ गोल्ड!” मग हात पुढे येतो. नाजूक गुलाबीसर अंगठी, मध्ये फिका गुलाबी खडा, कडेने बारीक दाणे. दिसते सुंदर, मी नाकारत नाही. पण खरोखरची जुनी वस्तू वितळवून जुन्यासारखी दिसणारी नवी वस्तू विकत घ्यायची आणि त्याला हौस, हुशारी, वर पुन्हा साधेपणा म्हणायचं, हे मला पटत नाही. आज त्यावरच लिहिते.

आधी तो शब्द बघू. परदेशात दागिन्यांच्या व्यापारात साधारण शंभर वर्षांवरच्या वस्तूला अँटिक म्हणतात आणि त्यापेक्षा अलीकडच्या, पण जुन्याच, वस्तूला व्हिंटेज. राणी व्हिक्टोरियाचा काळ, त्यानंतरचा एडवर्ड राजाचा, मग १९२०-३० मधली आर्ट डेको घडण, अशा काळांवरून तिकडचे जाणकार अंगठी ओळखतात. आपल्या शोकेसमधली ‘व्हिंटेज’ अंगठी बहुधा गेल्याच महिन्यात साच्यातून निघालेली असते. दुकानदार तसं खोटंही बोलत नाही. तो ‘व्हिंटेज लुक’ म्हणतो, पावतीवर वय लिहीत नाही. जुनेपणा आपण आपल्या मनाने जोडतो आणि त्याचे पैसे मोजतो. खऱ्या जुन्या अंगठीचं वय तेवढं मोडीच्या काट्यावर चढत नाही. तिथे फक्त वजन आणि कस.

आता रंग. सोन्याला स्वतःचा गुलाबी रंग नसतो, तो तांब्याचा. १८ कॅरटच्या गुलाबी सोन्यात ७५ टक्के सोनं, उरलेल्यात बहुतेक तांबं आणि थोडी चांदी. १९व्या शतकात रशियात याची फार आवड होती, म्हणून ‘रशियन सोनं’ असंही नाव पडलं. पुढे १९२४ साली पॅरिसच्या कार्तिएने तीन रंगांच्या सोन्याची गुंतवलेली अंगठी केली, त्यात एक कडी गुलाबी होती. म्हणजे या रंगाला परंपरा आहे, पण ती तिकडची. आपल्याकडे सोन्यावर लाली दिसली की घरच्या बायका “तांबं जास्त घातलंस का रे?” म्हणून सराफाला जाब विचारायच्या. तीच लाली आता जास्त घडणावळ देऊन मागायची! (ही फॅशन नव्याने आली तीही २०१५ च्या गुलाबी मोबाईलच्या आगेमागे. दागिन्याने फोनची नक्कल करावी, हे एक नवलच.)

आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांना १९६३ आठवत असेल. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. कितीतरी सोनारांची भट्टी विझली, संसार उघड्यावर आले. तरी बायकांनी १४ कॅरट मनापासून स्वीकारलं नाही. १९६६ मध्ये कसाची ती अट मागे घ्यावी लागली आणि १९९० मध्ये तो कायदाच गेला. सरकारला जे सक्तीने जमलं नाही, ते काचेच्या कपाटातल्या पिवळ्या दिव्याने जमवलं आहे. आपणच जाऊन “१४ कॅरटमध्ये दाखवा, त्यात डिझाईन छान येतात” म्हणतो.

मी कॉमर्सची. आकडा मांडल्याशिवाय माझं समाधान होत नाही. समजा, घरातली अंगठी ८ ग्रॅमची, २२ कॅरट. त्यात शुद्ध सोनं ७.३३ ग्रॅम. समोरची व्हिंटेज लुकची अंगठी १४ कॅरटची, खडे सोडून सोन्याचं वजन ४ ग्रॅम. त्यात शुद्ध सोनं २.३४ ग्रॅम. समजा दुकानदाराने वर पैसे मागितले नाहीत आणि परतही दिले नाहीत, “हिशोब बरोबर झाला, वहिनी” म्हणाला. आपण खुशीत घरी येतो. पण जवळजवळ ५ ग्रॅम शुद्ध सोनं कुठे गेलं? घट, घडणावळ, खडे आणि जीएसटी. जीएसटी नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर ३ टक्के लागतो, जुन्याची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर नाही. शिवाय जुना दागिना देऊन नवा घेणं ही प्राप्तिकराच्या दृष्टीने विक्रीच आहे, हे तर कुणी सांगतच नाही. आणि हीच नवी अंगठी उद्या मोडायला न्या. छोट्या रंगीत खड्यांचे पैसे बहुतेक ठिकाणी शून्य धरतात.

ते सोनं कोणाचं होतं, हेही विसरू नका. सासूने, आईने दिलेला डाग हे त्या बाईचं स्वतःचं धन आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा, तो आपल्या जैन समाजालाही लागू आहे, आणि त्यात स्त्रीच्या मालमत्तेवर तिचा पूर्ण हक्क मानला आहे. आजारपणात, नडीला, कुणापुढे हात न पसरता मोडता येईल अशी तेवढीच एक गोष्ट कित्येकींकडे असते. तिची दोन तृतीयांश किंमत एका दुपारी घालवायची, तीही हौस म्हणून.

इथे मला नेहमी एक उत्तर मिळतं, आणि ते धर्माच्या नावाने मिळतं म्हणून जास्त लागतं. “ताई, तुम्हीच अपरिग्रह सांगता ना? मग सोनं कमी झालं तर बरंच की!” ऐका. पाचवं अणुव्रत परिग्रह-परिमाणाचं आहे. आपण आपल्या हाताने मर्यादा घालायची आणि वरचं सोडायचं. सोडलेलं आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान यांत जावं. पर्युषणात नवव्या दिवशी आपण आकिंचन्य धर्म ऐकतो, त्यात सराफाच्या मुशीत गेलेल्या पाच ग्रॅमचा समावेश नाही. तो त्याग नव्हे, तोटा आहे. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाला ‘मूर्च्छा’ म्हटलं आहे, म्हणजे आसक्ती. आता सांगा, आसक्ती कुठे जास्त? कपाटात शांत पडलेल्या जाड अंगठीत, की फोनवर चाळीस डिझाईनं पाहून, तीन दुकानं फिरून आणलेल्या नाजूक अंगठीत? वजन घटलं, मूर्च्छा वाढली. रोज सतरा नियम घेणाऱ्या बायकांनी तर आभूषणाचा नियम घेताना क्षणभर थांबून पाहावं.

दुसरं उत्तर तरुण सुनांचं, आणि त्यात तथ्य आहे. जुनं वापरलं तर नवी खाण खोदावी लागत नाही, म्हणून व्हिंटेज म्हणजे कमी हिंसा. अगदी मान्य. पण मग जुनंच वापरा ना! आजीची अंगठी बोटात घालणं हीच ती अहिंसा. भट्टी पेटवून, नवं तांबं मिसळून, नवे खडे मागवून बनवलेल्या वस्तूला ते पुण्य उसनं देता येत नाही.

खड्यांच्या बाबतीतही डोळे उघडे ठेवा. जुन्या धाटणीच्या अंगठ्यांत मोती फार. आपण रेशीम सोडतो ते किड्यांसाठी, मग मोत्याचा विचार नको? संवर्धित मोत्यासाठी शिंपल्यातल्या जिवाला चिरून मणी आत बसवतात आणि त्यासोबत लागणारा पेशींचा तुकडा दुसरा शिंपला मारून घेतात. पोवळंही समुद्रातल्या जिवांचाच सांगाडा. हे दोन्ही माझ्या मते आपल्या बोटावर नकोत, मग ज्योतिषी काहीही सांगो. माणिकाचं वेगळं. कृत्रिम माणिक १९०० च्या सुरुवातीपासून बनतं आहे, त्यामुळे अस्सल जुन्या अंगठीतही ते निघू शकतं. गुलाबी सोन्यात हल्ली मॉर्गनाइट घालतात. तो पाचूच्याच कुळातला खडा, एका अमेरिकन बँकरच्या नावाचा. त्यात दोष काही नाही, फक्त ‘आपला पारंपरिक खडा’ म्हणून गळ्यात मारला तर हसा. आणि हॉलमार्क सोन्याच्या कसाची हमी देतो, खड्याची नाही. खड्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचं वेगळं प्रमाणपत्र लागतं.

स्वयंपाकघरातलंही सांगून टाकते. दाणेदार कोंदणात मळलेली कणीक अडकते. ओली कणीक रात्रभर तशीच राहिली तर काय होतं, हे मर्यादा पाळणाऱ्या घरात सांगायला नको. सकाळी पुन्हा त्याच हाताने मुनिमहाराजांच्या आहाराची तयारी? साधी, गुळगुळीत, जाड अंगठी आपल्या आज्या घालत होत्या, ती उगीच नाही.

म्हणून मोडीत देण्याआधी एवढं करा. अंगठी सैल असेल तर माप कमी करून घ्या, खडा हलत असेल तर कोंदण घट्ट करून घ्या, काळवंडली असेल तर उजाळा द्या. पाचू असेल तर मात्र गरम साबणाच्या पाण्यात बुडवू नका, त्यात बहुधा तेल मुरवलेलं असतं. घालवतच नसेल तर नातीसाठी जपा. मोडायचीच ठरली, तर आधी हॉलमार्किंग केंद्रावर कस तपासून घ्या आणि मगच सराफाकडे जा. नवीवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी आहे का, तो बीआयएस केअर ॲपवर तिथेच उभं राहून बघा. पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन, खड्यांचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून मागा. दुकानदार कुरकुरला, तर अंगठी पुन्हा बोटात घालून घरी या.