विश्लेषण : घोडा गेला, आता तरी आपली मुले 'मॉडर्न पेंटॅथलॉन'मध्ये उतरतील का?

16 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटला 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचे तिकीट मिळाले आणि त्या दिवशीच्या सगळ्या बातम्या क्रिकेटने खाऊन टाकल्या. त्याच बैठकीत आणखी एका खेळाचे भवितव्य ठरले. मॉडर्न पेंटॅथलॉन ऑलिम्पिकमध्ये राहणार, पण त्यातली घोडेस्वारी जाणार, हा तो निर्णय. भारतीय मुलांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. कसा, ते पाहू.

हा खेळ नेमका काय आहे?

तलवारबाजी, जलतरण, घोडेस्वारी, नेमबाजी आणि धावणे अशा पाच प्रकारांचा हा एकच खेळ. आधुनिक ऑलिम्पिकचे जनक पिएर द कुबर्तें यांच्या कल्पनेतून तो 1912 मध्ये स्टॉकहोमला सुरू झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेले अमेरिकी सेनानी जॉर्ज पॅटन त्या पहिल्या स्पर्धेत पाचवे आले होते. महिलांना मात्र या खेळात प्रवेश मिळायला 2000 चे सिडनी ऑलिम्पिक उजाडावे लागले.

तलवारबाजीत 'एपी' ही तलवार वापरतात. जलतरण 200 मीटर फ्रीस्टाइलचे. शेवटी 'लेझर रन', म्हणजे धावणे आणि लेझर पिस्तुलाने नेमबाजी आलटून पालटून. आधीच्या प्रकारांत मिळवलेल्या गुणांचे इथे सेकंद होतात. तुम्ही दहा गुणांनी पुढे असाल, तर प्रतिस्पर्ध्याच्या दहा सेकंद आधी सुटता. मग जो आधी पोचेल तो विजेता. धापा टाकत येऊन 10 मीटरवरच्या लक्ष्यावर पाच अचूक वेध घेणे, ही खरी कसोटी.

घोडा का गेला?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीची आनिका श्लॉय आघाडीवर होती. चिठ्ठीने मिळालेल्या 'सेंट बॉय' या घोड्याने उडी मारायला नकार दिला, ती रडत राहिली आणि तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारला. त्या दृश्यांवरून जगभर टीका झाली. आंतरराष्ट्रीय महासंघाने घोडेस्वारी काढून 'निंजा वॉरिअर'सारखी अडथळ्यांची शर्यत आणली. 2024 चे पॅरिस हे घोड्यासह झालेले शेवटचे ऑलिम्पिक. तिथे इजिप्तच्या अहमद एलगेंदीने 1555 गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले.

या बदलाला टोकियोतील सुवर्णविजेता ब्रिटनचा जो चूंग याच्यासह अनेक खेळाडूंनी विरोध केला. अनोळखी घोड्याला अवघ्या 20 मिनिटांत आपलेसे करणे हाच या खेळाचा आत्मा आहे, असे मानणाऱ्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. पण जिथे बहुतेक मुलांनी घोडा जवळून पाहिला तो वरातीत किंवा चौपाटीवर, तिथे ही अट म्हणजे बंद दरवाजाच होता. माझ्या मते, आपल्यासाठी हा बदल योग्यच आहे.

मुलाने सुरुवात कुठून करायची?

लहान वयात पाचही प्रकार करावे लागत नाहीत. पोहणे आणि धावणे हा पाया. त्यातही पोहणे लवकर सुरू केलेले बरे. विशीत शिकून 200 मीटरला वेग येत नाही. पुढची पायरी लेझर रन किंवा पोहणे, नेमबाजी आणि धावणे असलेल्या 'ट्रायथले'ची. लेझर पिस्तुलात गोळी नसते, त्यामुळे शाळेच्या मैदानातही सराव करता येतो. तलवारबाजी त्यानंतर, आणि मग अडथळे. हातांची पकड आणि शरीराचा तोल ही अडथळ्यांच्या शर्यतीची गरज. दोरीच्या मल्लखांबावर वाढलेल्या मुलामुलींकडे ती आयतीच आहे. आपल्या प्रशिक्षकांचे तिकडे लक्ष जायला हवे.

मग अडते कुठे?

या खेळात भारताचा एकही खेळाडू आजवर ऑलिम्पिकपर्यंत पोचलेला नाही. महाराष्ट्राचा मयंक चाफेकर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत उतरला आणि गोव्यातील 2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही हा खेळ होता. म्हणजे वाट आहे, पण विखुरलेली. पुण्याच्या बालेवाडीत तलाव, धावपट्टी, शूटिंग रेंज सगळे आहे. तलवारबाजीचा चांगला पाया छत्रपती संभाजीनगरला आहे. एकाच मुलाला सकाळी तलाव, दुपारी शाळा आणि संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला तलवारबाजी, असे किती दिवस जमेल? वेगवेगळे प्रशिक्षक आपापल्या खेळापुरते पाहतात. आठवड्याचा एकूण ताण किती होतो, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. तो हिशेब हीच या खेळाची गुरुकिल्ली. त्यामुळे राज्याने नवी इमारत बांधण्याआधी एका संकुलात चारही प्रकारांचे एकत्र वेळापत्रक आणि त्यावर देखरेख करणारा एक मुख्य प्रशिक्षक द्यावा. खर्च तुलनेने कमी, फरक मोठा.

पालकांनी काय पाहावे?

'या खेळात गर्दी नाही, पदक सोपे' असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रे काढल्याची प्रकरणेही महाराष्ट्राने पाहिली आहेत. कमी स्पर्धक असलेल्या खेळात केवळ प्रमाणपत्रासाठी आलेली मुले पुढे टिकत नाहीत, आणि खरोखर घाम गाळणाऱ्यांच्या पदकाकडेही मग संशयाने पाहिले जाते.

म्हणून क्लासची फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. स्पर्धा अधिकृत महासंघाची आहे का? हा खेळ गुण आणि आरक्षणाच्या यादीत सध्या कोणत्या पातळीपर्यंत धरला जातो? याचे उत्तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातूनच घ्या. आणि तिसरा प्रश्न मुलालाच विचारा : उद्या पदक नाही मिळाले, तरी पहाटे पाचला तलावावर जाशील का? तिसऱ्याचे उत्तर 'हो' असेल, तर पहिल्या दोघांसाठी धावपळ करायला हरकत नाही.